पुस्तकाच्या नावापुढचे एक वाक्य

सन्माननीय अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य आणि वाचक मित्रमैत्रिणींनो,

वाचनाविषयी भाषण म्हटले की वाचन कमी होत चालल्याची खंत ऐकावी लागणार, अशी श्रोत्यांची तयारी असते. मला ती खंत मांडायची नाही. या सभागृहातील पुष्कळ मंडळी नियमाने वाचतात, हे मला ठाऊक आहे. मात्र शेजारी बसलेली व्यक्ती सध्या काय वाचत आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना सांगता येईल. म्हणून आज वाचनयाद्यांविषयी बोलावे असे मी ठरवले. आपण एकमेकांना पुस्तके सुचवतो, ती कशी सुचवावीत आणि दुसऱ्याने सुचवलेल्या पुस्तकाला न्याय कसा द्यावा, एवढाच माझा विषय आहे. या बाबतीत माझे एक ठाम मत आहे आणि ते आधीच सांगून टाकते. पुस्तकाचे नुसते नाव सांगितल्याने शिफारस पुरी होत नाही. त्या नावापुढे, हे पुस्तक कोणासाठी आणि का, हे सांगणारे निदान एक वाक्य असायला हवे.

याद्या करण्याची हौस जुनी आहे आणि तिचे दोन निरनिराळे प्रकार इतिहासात स्पष्ट दिसतात. १७७१ मध्ये रॉबर्ट स्किपविथ नावाच्या गृहस्थांनी थॉमस जेफरसन (पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले ते) यांच्याकडे खासगी ग्रंथसंग्रहासाठी पुस्तकांची यादी मागितली. मागताना त्यांनी आपली गरज नेमकी सांगितली होती: अभिजात ग्रंथांची फारशी जाण नसलेल्या आणि किचकट अभ्यासाला सवड नसलेल्या सामान्य वाचकाला झेपतील अशी पुस्तके हवीत, आणि ती अमुक एका रकमेत बसावीत. जेफरसन यांना त्या रकमेत मनासारखी निवड करता येईना, म्हणून त्यांनी सुमारे दीडशे पुस्तकांची विषयवार यादी पाठवली आणि त्यातून आपल्या ऐपतीप्रमाणे घ्यावे असे कळवले. मला त्या यादीपेक्षा तिच्यासोबतचे पत्र अधिक मोलाचे वाटते. यादीत ललित साहित्य पाहून एखादा विद्वान नाक मुरडील, हे ओळखून जेफरसन यांनी त्या पत्रात कल्पित कथांची बाजू सविस्तर मांडली आहे; सत्कृत्याचे चित्र खरे असो वा कल्पिलेले, ते वाचताना आपल्याही मनात तसे वागण्याची इच्छा जागी होते, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा आहे. मागणारा कोण आहे हे देणाऱ्याला ठाऊक होते, आणि आपण हे का देत आहोत हे त्याने लिहून कळवले.

दुसरा प्रकार १८८६ सालचा आहे. ब्रिटिश खासदार सर जॉन लबक यांनी लंडनच्या वर्किंग मेन्स कॉलेजमध्ये व्याख्यान देताना सर्वांनी वाचावीत अशा सुमारे शंभर पुस्तकांची यादी मांडली. ती वृत्तपत्रातून गाजली, नामवंतांकडून तिच्यावर अभिप्राय मागवले गेले, आणि कलासमीक्षक जॉन रस्किन यांनी तर तिच्यातील अनेक नावांवर काट मारून ती परत पाठवली. पुढे अशा ‘सर्वोत्तम शंभर’ याद्यांची एक परंपराच पडली आणि ती आजही चालू आहे. लबक यांचा हेतू निःसंशय चांगला होता, कारण कष्टकऱ्यांना उत्तम ग्रंथांची वाट दाखवावी, ही त्यामागची तळमळ होती. तरीही सर्वांसाठी केलेली यादी वाचकाला आपली वाटणे अवघड असते, असे मला वाटते. तिच्याशी वाद घालता येतो, तिच्यातली किती पुस्तके वाचून झाली हे मोजता येते. पण आज रात्री यातले कोणते उघडावे, याचे उत्तर ती देत नाही.

इथे एका तिसऱ्या कामाचा आदराने उल्लेख केला पाहिजे, कारण त्याची शिफारशीशी गल्लत होऊ नये. शंकर गणेश दाते यांनी मराठी ग्रंथसूचीच्या पहिल्या खंडात १८०० ते १९३७ या काळातील मुद्रित मराठी ग्रंथांची नोंद केली, दुसरा खंड १९५० पर्यंत आणला, आणि पुढच्या काळाचे काम शरद केशव साठे यांनी हाती घेतले. एकेक पुस्तक शोधून त्याची नोंद करण्याचे हे कष्ट थक्क करणारे आहेत. सूचिकाराला आवडनिवड बाजूला ठेवावी लागते, कारण एखादे पुस्तक सामान्य वाटले म्हणून ते त्याला वगळता येत नाही. पुस्तक सुचवणाऱ्याची जबाबदारी याच्या अगदी उलट असते आणि त्याला वगळावेच लागते. आपल्याला ठाऊक असलेली सगळी चांगली पुस्तके एका दमात सांगून टाकणारा माणूस ऐकणाऱ्याला काहीच देत नाही.

ग्रंथालयशास्त्राचे आचार्य शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये पाच नियम मांडले. त्यांपैकी ‘प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक’ आणि ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’ हे दोन नियम एकापाठोपाठ येतात, आणि चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवा असे सांगतो. रंगनाथन यांनी ते ग्रंथपालांसाठी लिहिले असले, तरी कोणालाही पुस्तक सुचवताना ते तितकेच लागू पडतात. तिसऱ्या नियमाकडे, म्हणजे ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’ याकडे, आपले फार दुर्लक्ष होते. गाजलेली पुस्तके आपापले वाचक शोधतातच. एखाद्या लहान प्रकाशनाचा कथासंग्रह, एकदाच छापले गेलेले आत्मचरित्र किंवा परीक्षणाविना राहून गेलेला अनुवाद यांना मात्र कोणीतरी तोंडी सांगितल्याशिवाय वाचक मिळत नाही. अशा पुस्तकांसाठी तुमचा-माझा शब्द खरोखर कामी येतो.

आता प्रत्यक्ष सुचवण्याकडे वळते. ‘तुम्हाला काय वाचायला आवडते?’ या प्रश्नाला बहुतेक जण प्रकार सांगतात: कादंबरी, चरित्र, प्रवासवर्णन, रहस्यकथा. त्यावरून फारसा बोध होत नाही. ‘अलीकडे आवडलेल्या एखाद्या पुस्तकाविषयी सांगा’ असे म्हटले, तर तोच माणूस निराळे बोलू लागतो. कोणी सांगतो की त्यातली माणसे मनातून जात नाहीत, कोणी सांगतो की पहिल्या पानापासून गोष्ट धावत होती, तर कोणाला त्यातला काळ आणि परिसर इतका खरा वाटलेला असतो की कथानक आठवतही नाही. अमेरिकेतील ग्रंथपाल जॉइस सॅरिक्स यांनी वाचक-सल्ल्याची जी पद्धत मांडली, तिचा पाया हाच आहे: पुस्तकाचा विषय गौण मानून त्याची गती, व्यक्तिरेखा, कथानकाची बांधणी आणि वातावरण यांकडे पाहावे. संथ, तपशिलात रमणारे ऐतिहासिक लेखन आवडणाऱ्याला तितकेच संथ आणि तपशीलवार प्रवासवर्णन आवडण्याची शक्यता पुष्कळ असते. त्याच कालखंडावरची वेगवान, प्रसंगप्रधान कादंबरी मात्र तो कदाचित अर्ध्यावर ठेवील. विषय जुळला म्हणून पुस्तक जुळत नाही.

आमच्या वाचकगटातील एका ज्येष्ठ बाईंची वही मी त्यांच्या परवानगीने पाहिली आहे आणि तिच्यातून मी पुष्कळ शिकले. साधी रेघी वही, आडवी धरून रकाने आखलेले. पुस्तकाचे नाव, लेखक, वाचून झाल्याची तारीख हे रकाने कोणाच्याही वहीत असतात. त्यांच्या वहीत आणखी दोन रकाने आहेत. एकाचे शीर्षक ‘कोणी सांगितले’ आणि दुसऱ्याचे ‘कोणाला सांगायचे’. शेवटच्या रकान्यात कधी नाव असते, कधी नुसते वर्णन: ‘नुकतेच निवृत्त झालेल्या कोणाला’, ‘जिला शेवट गोड नसला तरी चालतो तिला’, ‘दुखण्यातून उठताना नको’. एका पुस्तकापुढे त्यांनी लिहिले होते, ‘पहिली चाळीस पाने जड, पण तिथे आजी बोलू लागते, तोवर थांबावे.’ ते वाचून मी ते पुस्तक मागून घेतले आणि खरोखरच आजी बोलू लागेपर्यंत नेटाने वाचत राहिले. मलपृष्ठावरच्या कोणत्याही स्तुतीने मला तेवढा धीर दिला नसता. चार्ल्स डार्विन यांनीही १८३८ ते १८६० या काळात वाचलेल्या आणि वाचायच्या पुस्तकांच्या नोंदवह्या ठेवल्या होत्या, आणि काही नोंदींपुढे पुस्तक केवळ चाळले असेही प्रामाणिकपणे टिपले होते. यादीतले प्रत्येक पुस्तक आपण अक्षरन्‌ अक्षर वाचले असल्याचे भासवण्याचे काही कारण नसते, हे त्यांच्याकडून शिकावे.

त्या एका वाक्यात काय असावे, याचा नियम घालून देता येणार नाही. पण ‘अप्रतिम’, ‘वाचलेच पाहिजे’, ‘खाली ठेववत नाही’ या शब्दांनी सांगणाऱ्याचा उत्साह कळतो, पुस्तक कळत नाही. ‘दोन बहिणींच्या पत्रांतून घर उलगडत जाते आणि वडील कधीच बोलत नाहीत’ असे म्हटले की ऐकणाऱ्याला हवे-नको ठरवता येते. जे खटकले तेही सांगावे. मधला भाग लांबला आहे, अनुवाद ओबडधोबड आहे, एक प्रसंग फार क्रूर आहे, हे आधी कळल्याने वाचक दुरावत नाही. उलट पुढच्या वेळी तो तुमच्या शब्दावर अधिक विश्वास ठेवतो.

दूरदेशी राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी एक व्यावहारिक बाब मला सविस्तर सांगायची आहे, कारण चांगली शिफारस पुष्कळदा इथेच वाया जाते. आपण नाव सांगतो आणि ऐकणारा ते ऐकल्याप्रमाणे रोमन अक्षरांत लिहून घेतो. मग एका ग्रंथालयाच्या तालिकेत ‘ळ’ एका तऱ्हेने लिहिलेला असतो, दुसरीकडे दुसऱ्या. दीर्घ स्वर कोणी दुहेरी अक्षराने दाखवतो, कोणी चिन्हाने, कोणी दाखवतच नाही. आणि असलेले पुस्तकही ‘उपलब्ध नाही’ असे उत्तर येते. म्हणून नाव देवनागरीत, मुखपृष्ठावर आहे तसेच, जोडाक्षरे आणि अनुस्वार तपासून लिहावे. सोबत लेखकाचे पूर्ण नाव द्यावे, कारण एकाच नावाची दोन पुस्तके असणे मुळीच दुर्मीळ नाही. अनुवाद असेल तर अनुवादकाचे नाव विसरू नये. एका ग्रंथाचे दोन अनुवाद इतके वेगळे असू शकतात की एकाने वाचक जोडला जावा आणि दुसऱ्याने तुटावा. शिवाय अनुवादकाने केलेले काम बिननावाचे राहणे अन्यायाचेही आहे. पुस्तक मूळ आहे की संक्षिप्त, अनुवाद आहे की रूपांतर, हे शीर्षकपृष्ठाच्या मागच्या बाजूला बहुधा छापलेले असते, ते उलटून पाहावे. तिथेच आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या त्या आवृत्तीचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, सापडतो. तो १ जानेवारी २००७ पासून तेरा अंकी आहे, त्यापूर्वी दहा अंकी होता, आणि त्यावरून नेमकी आवृत्ती मागवता येते. जुन्या मराठी पुस्तकांवर तो नसतो, तेव्हा प्रकाशक आणि आवृत्तीचे वर्ष लिहून ठेवावे.

शिफारस स्वीकारणाऱ्यालाही काही सांगायचे आहे. सुचवलेले पुस्तक आवडलेच पाहिजे, असे बंधन कोणावरही नाही. सिअ‍ॅटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी पन्नास पानांचा एक नियम सांगितला आहे: पन्नास पाने वाचून मन रमले नाही, तर पुस्तक खुशाल बाजूला ठेवावे, आणि वयाची पन्नाशी ओलांडलेल्यांनी शंभरातून आपले वय वजा करून जितकी पाने उरतील तितकीच वाचून निर्णय घ्यावा. सत्तरीच्या वाचकाला तीस पाने पुरेत. मी हा नियम मनापासून मानते. मात्र पुस्तक सोडले तर सुचवणाऱ्याला तसे कळवावे, आणि कुठे व का सोडले तेही सांगावे. अनेकदा संकोचापायी आपण ‘अजून वाचायचे आहे’ असे सांगत वर्षे काढतो, आणि मग तो माणूस आपल्याला पुस्तके सुचवणेच थांबवतो. ‘तुम्ही दिलेले पुस्तक मला मानवले नाही, त्यातला निवेदक सतत समजावून सांगत राहतो’ हे वाक्य देणाऱ्याला तुमच्याविषयी इतके काही सांगून जाते की त्याची पुढची निवड जवळजवळ अचूक ठरते.

तरुण मुलामुलींचा प्रश्न इथे नेहमी निघतो. त्यांनी मराठी वाचावे म्हणून आपण त्यांना याद्या देतो आणि ती देवघेव एकाच दिशेने चालते. माझा आग्रह आहे की आधी त्यांची यादी मागावी, ती कोणत्याही भाषेतील असो, तिच्यातले एक पुस्तक खरोखर वाचावे, त्याविषयी त्यांच्याशी बोलावे आणि मगच आपले एक पुढे करावे.

आज सत्र संपल्यावर दाराजवळ कोरी पत्रके ठेवलेली असतील. प्रत्येकाने एकच पुस्तक लिहावे: नाव देवनागरीत, लेखक, अनुवाद असल्यास अनुवादक, प्रकाशक, आणि खाली हे पुस्तक कोणाला आवडेल हे सांगणारे वाक्य. सर्वश्रेष्ठ पुस्तक आठवत बसू नये. अलीकडे वाचलेले आणि कोणाजवळ तरी बोलावेसे वाटलेले पुस्तक पुरेसे आहे. स्वतःचे नाव व संपर्क घालणे ऐच्छिक आहे, पण घातल्यास वाचणाऱ्याला कळवणे सोपे जाईल. पत्रके विषयवार न लावता आम्ही तशीच मांडून ठेवू, म्हणजे चरित्रे शोधायला आलेल्याची नजर एखाद्या कवितासंग्रहावरही पडेल. जाताना प्रत्येकाने दुसऱ्याचे एक पत्रक सोबत न्यावे आणि पुढच्या मेळाव्याला येताना त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आपला अभिप्राय लिहून आणावा, पुस्तक पुरे केले असो वा नसो.