चहाच्या बैठकीतला कुंभार

श्रोतेहो, नमस्कार.

1911 साल. टोकियोत काही कलावंत मंडळी एका घरी जमली होती. समोर एकदा भाजलेली, बिनझिलईची मातीची भांडी. पाहुण्यांनी ब्रश उचलायचा आणि सुचेल ते रंगवायचं. मग भांडं झिलईत बुचकळलं, चिमट्याने लालबुंद भट्टीत सरकवलं आणि थोड्याच वेळात बाहेर काढलं. आपल्याकडे कुंभाराचा आवा निवेपर्यंत आत काय शिजलंय ते कुणालाच कळत नाही. इथे सगळा मामला डोळ्यांदेखत! जपानी लोक याला राकू म्हणतात.

त्या पाहुण्यांत 24 वर्षांचा एक इंग्रज होता, पुढे कुंभार म्हणून नावाजलेला बर्नार्ड लीच. जन्म हाँगकाँगचा, आई बाळंतपणातच गेली, म्हणून अगदी लहानपण जपानात आजी-आजोबांकडे. 1909 मध्ये तो परत आला होता तो एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून छापायची चित्रकला शिकवायला. ते राहिलं बाजूला. केन्झान या जपानी कुंभार-परंपरेचे सहावे वारस त्याचे गुरू झाले आणि त्याचे हात मातीत गेले ते कायमचेच.

1920 मध्ये शोजी हामादा या जपानी कुंभार मित्राला घेऊन तो इंग्लंडात कॉर्नवॉलच्या सेंट आइव्ह्ज गावी आला. पुढे मात्सुबायाशी या जपानी जाणकाराने तिथे उतारावर पायरीपायरीने चढणारी, तीन कप्प्यांची भट्टी बांधून दिली. जळण लाकडाचं, आणि त्या समुद्रकाठी झाडांचीच वानवा! जागा निवडताना हा हिशेब कुणी केला होता की नाही, देव जाणे.

लीचला 'इंग्लंडमधला जपानी' म्हणून लोक मोकळे होतात. मला ते पटत नाही. इंग्लंडच्या जुन्या गावठी भांड्यांवरचं पुस्तक त्याच्या हाती पडलं ते जपानातच. पातळ मातीच्या रेघांनी नटवलेल्या त्या भांड्यांची विसरलेली रीत मग त्याने आणि हामादाने सेंट आइव्ह्जला पुन्हा हाताळली. आपल्या घरचं भांडं दिसायला त्याला टोकियो गाठावं लागलं.

1931 च्या त्याच्या एका फुलदाणीवर उसळी मारणारा सामन मासा आहे. ब्रशचे मोजकेच फटकारे. खवले नाहीत, पाणी नाही. तरी मासा प्रवाहाविरुद्ध निघालाय हे कळतं.