एक ठिपका, एक पेशी

सकाळी आठची वेळ. ठाण्याहून सुटलेली ट्रान्स-हार्बर लोकल ऐरोली सोडून रबाळ्याला येते. उतरणाऱ्या गर्दीत एमआयडीसीतल्या एका प्रयोगशाळेची संशोधिका आहे. काल दुपारी एकला इन्क्युबेटरमध्ये ठेवलेली प्लेट तिला नऊला बाहेर काढायची आहे.

लस घेतली की अँटिबॉडी तयार होतात, हे कोविडने घरोघरी पोचवलं. पण अँटिबॉडी काही महिन्यांत ओसरू शकतात. विषाणू शिरलेली पेशी ओळखून तिला संपवणाऱ्या टी पेशी वेगळ्या. लसीने त्या जाग्या केल्या का, हे त्या प्लेटमध्ये दिसतं.

लस दिलेल्या उंदराची प्लीहा, म्हणजे आपली पानथरी, बारीक जाळीतून चाळून पेशी सुट्ट्या करतात. प्लेटला ९६ वेल, म्हणजे छोटे खळगे. प्रत्येकाच्या तळाशी पडदा, त्याला चिकटवलेल्या अँटिबॉडी. वर पेशी आणि विषाणूच्या प्रथिनाचे तुकडे. तापमान ३७ अंश. जी टी पेशी तो तुकडा ओळखते, ती इंटरफेरॉन गॅमा हे संदेश देणारं प्रथिन सोडते आणि तळाच्या अँटिबॉडी ते तिथेच, तिच्या पायाशी, पकडतात. नंतर पेशी धुऊन रंग चढवायचा. जिथे पेशी बसली होती तिथे ठिपका उमटतो. याला एलिस्पॉट म्हणतात. मूळ पद्धत १९८३ची, अँटिबॉडी सोडणाऱ्या पेशी मोजण्यासाठी निघालेली.

रात्रभर त्या इन्क्युबेटरला कुणी हात लावत नाही. प्लेट हलली तर पेशी सरकते, ठिपका फिसकटतो.

काही वेलमध्ये प्रथिनाचा तुकडा घातलेलाच नसतो. तिथे जवळपास कोरं दिसायला हवं. शेजारी लस न दिलेल्या उंदराच्या पेशी असतात. त्यांतही तेवढेच ठिपके आले, तर लसीचं श्रेय कसलं?

प्लीहा काढायची तर उंदीर मारावा लागतो. हे गुळमुळीत सांगून चालणार नाही. म्हणूनच प्रयोगाआधी संस्थेची प्राणी नीतिसमिती विचारते: इतके उंदीर का, कमी का नाहीत? प्लेट निष्काळजीपणाने वाया गेली, तर ते जीवही वाया गेले. म्हणून तर ही मुलगी आठच्या आत लोकल पकडते.

दुपारी रंग चढतो. ती प्लेट उजेडात धरते. कोऱ्या वेल कोऱ्याच आहेत. लसीच्या रांगेत निळसर ठिपके, दाट.

वहीत ती आधी पिंजऱ्याचा नंबर लिहिते, मग उंदराचा. त्यापुढे आकडा: दर १० लाख पेशींमागे किती ठिपके.