गुडघ्यातला उंदीर

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय गुडघ्यातला उंदीर. हसू नका, आम्ही डॉक्टर मंडळी त्याला सांध्यातला उंदीरच म्हणतो. मार बसून किंवा झिजेमुळे कूर्चेचा, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत अस्तराचा, टवका निघतो आणि गुडघ्यातल्या वंगणात मोकळा फिरतो. त्याच वंगणावर पोसून वाढतोसुद्धा! मग बिजागरीत खडा बसावा तसा गुडघा अडकतो. अडकतो आणि सुटतो, अडकतो आणि सुटतो. ही खूण लक्षात ठेवा.

माझ्याकडे एक पखवाजवाले बुवा आले होते. काकड आरतीला सगळे उठले, हे मांडी घालून तसेच. गुडघा सरळ होईना. मला म्हणाले, "हा बघा, इथं आहे," आणि पखवाजाचा गठ्ठा सरकवावा तसा वाटीच्या वर बोटानं सरकवून दाखवला. (आता भजनालाही खुर्च्या मांडतात. मला नाही आवडत. भजन सतरंजीवरच.)

भूल कमरेखालची, म्हणून बुवा जागे, पडद्यावर स्वतःचा गुडघा बघतायत. दोन बारीक छेद, एकातून दुर्बीण, दुसऱ्यातून चिमटा. आत पाणी सोडलेलं. उंदीर दिसला, मी चिमटा पुढे केला, की हा पाण्याबरोबर पळाला! वाटीखाली नाही, कडेला नाही. शेवटी गुडघ्यामागे हातानं दाबलं, तसा तरंगत पुढे आला. बुवा ओरडले, "तो बघा, डावीकडं!" मी म्हटलं, पाणी बंद करा. बाहेरून सुई घालून त्याला टोचून धरला, मग चिमट्यात पकडला. दाराशी आला तर छेद लहान पडला. तो जरा वाढवला, तेव्हा कुठं बाहेर आला. भिजल्या हरभऱ्याएवढा, पांढरा, गुळगुळीत.

बुवा म्हणाले, "एवढ्याशापायी माझी आरती चुकली?"

ही दुर्बीणही जमिनीवर बसणाऱ्यांच्याच देशातली बरं का. क्षयानं ताठलेल्या गुडघ्यांनी जपानी माणसाला खाली बसता येईना, म्हणून 1918 साली टोकियोत केंजी ताकागींनी मूत्राशयाची दुर्बीण एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली.

तर, गुडघा अडकला तर हिसका मारू नका. आधी एक्स-रे काढा. नुसत्या कूर्चेचा तुकडा त्यात दिसत नाही, तेव्हा एमआरआय लागतो. आणि दुर्बिणीनं तुकडा निघतो, झीज निघत नाही. पुन्हा सांगते, तुकडा निघतो, झीज राहते.

बुवांनी तो उंदीर मागून घेतला. टाके काढायला आले तेव्हा चुन्याच्या रिकाम्या डबीत होता. हलवून वाजवून दाखवला.