सुईच्या डावीकडे

आम्ही चित्रित केलेल्या सातारा जिल्ह्यातील या घरात शिलाई मशीन खिडकीशी ठेवलेले आहे. काळ्या रंगाचे, फक्त सरळ टीप घालणारे, नंतर छोटी मोटर बसवून घेतलेले हे मशीन मुळात परकर, पोलकी आणि उशांचे अभ्रे शिवण्यासाठी घेतले होते. सुईपासून उजवीकडच्या खांबापर्यंतची मोकळी जागा जेमतेम ६ इंच भरते. शेजारच्या पलंगावर जो ढीग दिसतो आहे, त्यातून मात्र ५ फूट रुंद आणि ७ फूट लांब गोधडी व्हायची आहे.

गोधडी जमिनीवर पसरून हाताने शिवताना जागेची अडचण येत नाही. बायका कडेने बसतात आणि धावदोरा घालत आत आत सरकतात. मशीन जागचे हलत नसल्यामुळे तेथे गोधडीच सुईखाली फिरवावी लागते, आणि मधोमध टीप घालायची म्हटली की अडीच फुटांची गुंडाळी त्या ६ इंचांत कोंबावी लागते. ती अडते, कापड ओढले जाते आणि सुई वाकते किंवा तुटते. म्हणून या घरातल्या आजींनी गोधडी आधी तुकड्यांतच शिवून ठेवली आहे: वर जुन्या सुती साडीचा तुकडा, मध्ये कापसाचा पातळ थर, खाली अस्तर, आणि तिन्हींना धरून ठेवणाऱ्या आतल्या टिपा. असे ३५ चौकोन आमच्या येण्याआधीच तयार होते, त्यामुळे आम्हाला पाहायला मिळाली ती जोडणी. आणि खरी हुशारी जोडणीतच आहे.

प्रत्येक चौकोन छाटून नेमका १२ इंचांचा केला जातो. एखादा सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जरी कमी भरला, तरी जोडावर कापूस पोहोचत नाही आणि तेथे बोटाला पोकळी लागते. जास्त भरला, तर कडा एकमेकींवर चढून वळ उठतो. जोडासाठी दोन पट्ट्या लागतात. वरची १ इंच रुंद आणि एकेरी असते. खालची पावणेदोन इंचांची असते, ती उभी दुमडून इस्त्री केली की सात सूत उरते. पहिल्या चौकोनाच्या कडेला वरून एकेरी पट्टी आणि खालून दुमडलेली पट्टी लावून, पाव इंच माया, म्हणजे टिपेबाहेरची कड, ठेवून, एकाच टिपेत दोन्ही शिवल्या जातात. सुईखालच्या पत्र्यावर चिकटवलेला तो पांढरा तुकडा पाहावा. सुईपासून बरोबर दोन सूत अंतरावर लावलेली ती साधी चिकटपट्टी आहे. कापडाची कड तिला घासत गेली पाहिजे, एवढेच आजी पाहतात. सुईकडे त्या पाहतही नाहीत.

आता दुसरा चौकोन येतो. वरच्या पट्टीची मोकळी कड त्याच्या कडेशी, सुलट बाजू समोरासमोर ठेवून, पुन्हा पाव इंचावर शिवली जाते, आणि खालची पट्टी तेवढी बाजूला धरली जाते. जोड उलगडला की दोन्ही चौकोनांच्या माया पट्टीच्या पोटात एकमेकींना भिडतात आणि वर अर्ध्या इंचाची सपाट पट्टी दिसते. टीप घालताना उजवीकडे काय राहिले, हे या दृश्यात नीट दिसते: पाव इंच माया. बाकी सगळे वजन सुईच्या डावीकडे, टेबलाला लावलेल्या स्टुलावर विसावले आहे. गोधडी कितीही वाढली, तरी जोडणीसाठी ती त्या ६ इंचांत शिरतच नाही. मोठे मशीन घेतल्याशिवाय गोधडी होत नाही, असे सांगणाऱ्यांनी हे दृश्य दोनदा पाहावे.

जाड कापडावर एक खोड निघते. मशीनचे दाते फक्त खालचा थर पुढे सरकवतात, वरचा मागे रेंगाळतो आणि पट्टी शेवटी वाकडी येते. त्यावर आजी कापड दाबून धरणाऱ्या दाबदांड्याच्या वरचा स्क्रू थोडा सैल करतात, टीप लांब ठेवतात आणि वीतभर अंतरावर टाचण्या लावतात.

खालच्या पट्टीचे उरलेले काम हाताचे आहे. दोन सूत मायेत गेल्यावर तिचे पाच सूत मोकळे राहतात. जोड चार सुतांचा असल्यामुळे ती पलीकडच्या टिपेवर सूतभर पुढे जाते आणि तेथे तुरपाईने बसवली जाते. ही पट्टी मशीनवरही बसते, पण मग जोडाच्या एका बाजूची गोधडी सुईच्या उजवीकडे न्यावी लागते.

पाच चौकोनांची एक ओळ, अशा सात ओळी. ओळीतली सगळी तुरपाई संपल्याशिवाय ती ओळ दुसरीला जोडायची नाही, कारण आडव्या लांब पट्टीखाली उभ्या पट्ट्यांची टोके कायमची बंद होतात. लांब पट्टीवर दर १२ इंचांवर खडूची खूण आहे. समोरासमोरच्या उभ्या पट्ट्या या खुणांवर जुळल्या, तरच गोधडीतली रेघ वरपासून खालपर्यंत सरळ दिसते. तिसऱ्या ओळीत एक खूण हुकली. आजींनी चार इंच टीप उसवली आणि पुन्हा घातली.

दिवसांची मजुरी धरली तर ही गोधडी विकून परवडत नाही. ही नातवासाठी आहे.

सहावा आडवा जोड संध्याकाळी पूर्ण झाला. मशीनचा दिवा बंद करून आजी गोधडी उलटी पसरतात आणि शेवटच्या पट्टीवरून अंगठा फिरवत, तुरपाई कोठे सुटली आहे का, ते पाहतात. कडेचा गोट अजून लावायचा आहे.