दंडाला बांधलेली पट्टी आणि रक्ताचा रस्ता

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलू रक्तवाहिन्यांविषयी. हृदयाकडून रक्त नेतात त्या धमन्या, परत आणतात त्या शिरा, आणि दोन्हींना जोडतात त्या केशवाहिन्या. धमनीची भिंत जाड, कारण ठोक्याचा दाब ती सोसते. शिरेची भिंत पातळ, आत दाब कमी. म्हणून हातापायांच्या शिरांत झडपा असतात, विहिरीच्या मोटारीला फूटवाल असतो तशा. पाठ्यपुस्तकांनी शिरा निळ्या रंगवून पिढ्यान्‌पिढ्या घोळ घातला आहे. आतलं रक्त लालच असतं, फक्त गडद.

आता हार्वेची गोष्ट. विल्यम हार्वे हे इंग्लंडचे वैद्य. तेव्हा सगळे मानत, की यकृत सतत नवं रक्त बनवतं आणि अंग ते संपवतं. हार्वेने हिशेब मांडला. आजच्या आकड्यांत सांगतो: एका ठोक्याला साधारण 70 मिलिलिटर, मिनिटाला 70 ठोके, म्हणजे जवळजवळ 5 लिटर. मोठ्या माणसाच्या अंगात रक्तच तेवढं! मग तासाला 300 लिटर नवं रक्त यकृत आणणार कुठून? तेच रक्त फिरत असलं पाहिजे.

आणि मग पट्टी. हार्वेने दंडाला पट्टी करकचून बांधली. मनगटाची नाडी बंद, हात थंड, शिरा मात्र फुगल्या नाहीत. पट्टी जरा सैल केली. नाडी परत आली, हात लाल झाला आणि पट्टीखालच्या शिरा टरारून फुगल्या. का? धमनी खोल असते, ती मोकळी झाली. शीर वर असते, ती दाबलेलीच राहिली. रक्त आत आलं, परत जाईना. पुन्हा सांगतो: घट्ट पट्टी धमनी अडवते, थोडी सैल पट्टी फक्त शीर अडवते.

1628 साली हे छापून आलं. पण धमनीतून शिरेत रक्त जातं कुठून, ते हार्वेला दिसलं नाही. 1657 मध्ये हार्वे वारले, आणि 1661 मध्ये इटलीच्या माल्पिगींना बेडकाच्या फुफ्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या दिसल्या. चारच वर्षं हुकली!

ही पट्टी आपल्या शेतातही बांधली जाते. पावसाळ्यात कपाशीत साप चावला की कोणीतरी दोरी आवळतो. धमनी अडली की बोटं काळी पडतात, हात-पाय गमवावा लागतो. विष काही थांबत नाही. दोरी बांधू नका, कापू नका, चोखू नका. जोडवी, अंगठी, कडं लगेच काढा, सूज येते. चावलेला हात-पाय फळीला सैल बांधून हलू देऊ नका, माणसाला चालवू नका. 108 ला फोन करा. कोणी आधीच दोरी आवळली असेल, तर वाटेत सोडू नका. ती दवाखान्यात, डॉक्टरांसमोरच सुटू द्या.