शाळेची जागा मुलाच्या जन्माआधी ठरते

(बडोद्यातील एका मराठी वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, बडोद्यात शाळांविषयी बोलायचं तर सुरुवात सयाजीराव महाराजांपासून करायची, हा आपला रिवाज आहे. तो मी पाळणार आहे, पण त्यांच्या कामातली मला हवी असलेली गोष्ट जरा निराळी आहे. 1893 साली महाराजांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं ते राजधानीत नव्हे, तर लांब काठेवाडात, अमरेली तालुक्यात. सगळ्या राज्याला ते लागू झालं 1906 मध्ये. मुलग्यांना सात ते बारा आणि मुलींना सात ते दहा अशी वयाची मर्यादा होती. म्हणजे मध्ये तेरा वर्षं गेली. हुकूम काढायचा अधिकार असलेला राजा तेरा वर्षं थांबतो, एका तालुक्यात चालवून बघतो आणि मग राज्यभर नेतो. 1911 साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं तेव्हा बडोद्याचा हा दाखला त्यांच्या हाताशी होता. आपण महाराजांच्या औदार्याबद्दल खूप बोलतो. त्यांच्या हिशेबीपणाबद्दलही बोलायला हवं, कारण आज मला जे सांगायचं आहे ते हिशेबाचंच आहे.

शिक्षण हक्काचा कायदा 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू. वॉर्डातल्या चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणं, घराजवळ शाळा असेल हे बघणं आणि बाहेरगावाहून आलेल्या कुटुंबांच्या मुलांना दाखला अडवून न ठेवता प्रवेश देणं, ही कामं या कायद्याने स्थानिक संस्थेवर टाकली आहेत. आपल्याकडे म्हणजे महानगर सेवासदनावर, म्हणजेच महापालिकेवर, आणि त्याच्या शिक्षण समितीवर. सेवासदनाच्या प्रत्येक शाळेच्या व्यवस्थापन समितीने शाळेचा विकास आराखडा करायचा आहे. त्या समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. हा आराखडा असतो तीन वर्षांचा. इकडे शहराचा विकास आराखडा निदान दहा वर्षांनी एकदा तपासायचा असतो, 1976 चा नगररचना कायदा तसं सांगतो. तीन वर्षांचा कागद शाळेच्या कपाटात आणि दहा वर्षांचा नगररचनेच्या. पहिलीत बसलेलं मूल आठवीतून बाहेर पडायला आठ वर्षं लागतात. त्या मुलाच्या वाटेएवढा लांब, वॉर्डनिहाय, छापलेला आणि कुणालाही वाचता येईल असा शाळांचा दहा वर्षांचा आराखडा आपल्या शहराने करावा, एवढंच मागणं घेऊन मी इथे उभी आहे.

लोक म्हणतात, पुढची दहा वर्षं कुणाला दिसतात? बरीचशी दिसतात, आणि ती सेवासदनाच्याच इमारतीत पडलेली आहेत. आज जन्मलेलं बाळ सहा वर्षांनी पहिलीत येणार आणि त्याच्या जन्माचा दाखला सेवासदनच देतं. पण इथे एक मेख आहे. जन्माची नोंद होते ती जिथे बाळंतपण झालं तिथे. त्यामुळे मोठी प्रसूतिगृहं ज्या वॉर्डात आहेत त्या वॉर्डाचे आकडे फुगतात. त्या आकड्यावर शाळा बांधली तर ती दवाखान्यांच्या गल्लीत उभी राहील आणि मुलं तरसालीला किंवा गोरव्याला राहत असतील. म्हणून नोंदणीच्या फॉर्मात आईच्या राहत्या पत्त्याचा जो रकाना असतो, त्यावरून आकडे पुन्हा लावावे लागतात. त्यांच्या शेजारी अंगणवाडीची नोंदवही ठेवायची. अंगणवाडीताई वस्तीत घरोघर फिरतात, तिथे खरोखर राहणारं मूल त्यांना ठाऊक असतं. तिसरं दफ्तर बांधकाम परवानग्यांचं. कुठल्या टीपीत, म्हणजे नगररचना योजनेत, किती घरांची योजना मंजूर झाली आणि किती इमारतींना बीयू, म्हणजे वापराची परवानगी, मिळाली, यावरून दोन-तीन वर्षांत कुठे कुटुंबं राहायला येणार ते कळतं. ही तिन्ही दफ्तरं एका टेबलावर आली तर आपल्याला लागणारं निम्मं भविष्य हातात येतं.

आता समजा, एका वॉर्डात वर्षाला सहाशे मुलं सहा वर्षांची होतात आणि त्यातली तीस टक्के सेवासदनाच्या शाळेत येतात. झाली एकशे ऐंशी. पाचवीपर्यंत तीसला एक शिक्षक आणि सहावी ते आठवी पस्तीसला एक, हे कायद्याचं प्रमाण धरलं तर प्रत्येक इयत्तेच्या सहा तुकड्या होतात. आठ इयत्तांच्या अठ्ठेचाळीस. दोन पाळ्या चालवल्या तरी चोवीस खोल्या लागणार. हा हिशेब कुठलाही शिक्षक दहा मिनिटांत करील. पण चोवीस खोल्यांना लागणारी जमीन दहा मिनिटांत मिळत नाही, तिच्याकडे मी येतेच.

त्याआधी एका वर्षाच्या आकड्याने काय घोळ होतो ते सांगते. 2023-24 पासून गुजरातमध्ये पहिलीला 1 जूनला सहा वर्षं पूर्ण लागतात. त्याआधी पाच पूर्ण झालेली मुलंही बसायची. साहजिकच त्या वर्षी पहिलीचा पट आक्रसला. ही खाच दरवर्षी एक इयत्ता पुढे सरकणार आणि 2030-31 मध्ये ती आठवीत असेल. ज्याला हे माहीत नाही तो त्या-त्या वर्षी पट बघून म्हणेल, शाळा ओसरली, बंद करा.

यावरून आपल्या मराठी शाळांकडे येते. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतली जुनी कुटुंबं विश्वामित्री नदीपलीकडे गेली, मुलं इंग्रजी माध्यमात गेली, हे आपण सगळे जाणतो. पण खानदेशातून, धुळे-नंदुरबार-जळगावहून कामासाठी येणारी कुटुंबंही आहेत. माझ्या ओळखीच्या अशा कितीतरी घरांत मूल मराठीच बोलत बालवाडीत येतं. त्यांच्यासाठी ही शाळा म्हणजे वारशाचा प्रश्न नाही, रोजच्या सोयीचा आहे. गुजराती त्यांना शिकावी लागतेच, 2023 च्या कायद्याने पहिली ते आठवी ती सगळीकडे सक्तीची आहे आणि ती यायलाच हवी.

तरीही मी असं म्हणणार नाही की एकही मराठी शाळा हलवू नका. पंचावन्न मुलांच्या प्राथमिक शाळेला कायद्याने दोन शिक्षक मिळतात. इयत्ता पाच, शिक्षक दोन. एक बाई एकाच वेळी पहिलीला अक्षरं गिरवायला देतात आणि तिसरीला भागाकार शिकवतात. त्या जिवापाड करतात, पण मुलांना त्यांचा अर्धाच वेळ मिळतो. आणि शिक्षकांची भरती राज्याच्या पातळीवर होते, तेव्हा सेवासदनाने मनात आणलं तरी तिसरी बाई आणता येत नाही. दोन छोट्या शाळा एकत्र केल्या तर मुलांचं भलंही होऊ शकतं. माझा आक्षेप आहे तो जूनमध्ये पट बघून जुलैत निर्णय करण्याला. पाच वर्षं आधी सांगा, कुठल्या दोन शाळा जवळ आणणार, कुठल्या इमारतीत आणि पोरं जाणार कुठल्या रस्त्याने. मग पालक ऐकतील, भांडतील, पण पहिलीतलं मूल तिसरीत जाताना शाळेवाचून राहणार नाही.

रस्त्याचं मुद्दाम म्हणते. पाचवीपर्यंत शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, असा नियमांचा हिशेब आहे. नकाशावर फूटपट्टी ठेवली की अंतर बसतं. पण आपलं शहर विश्वामित्रीने आणि रेल्वेच्या रुळांनी चिरलेलं आहे. अलकापुरीचं गरनाळं, म्हणजे रुळांखालचा रस्ता, पावसाळ्यात पाण्याने भरतं तेव्हा त्या फूटपट्टीला अर्थ उरत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये नदीने काय केलं ते आपण पाहिलंय. पूर आला की शाळेची इमारत आसऱ्याला लागते, म्हणून तिचं जोतं पुराच्या पातळीच्या वर हवं. शाळा मुलं चालत येतात त्याच बाजूला हवी, मध्ये नाला नको. सात वर्षांच्या मुलीला एकटीला जाता येईल का, हीच माझी फूटपट्टी.

आता जमीन. 2020 मध्ये भायली, सेवासी, बिल, वेमाली, करोडिया, उंडेरा, वडदला ही गावं शहरात आली. भायलीच्या रस्त्याने संध्याकाळी जाऊन या, टॉवरवर टॉवर उठतायत. जुन्या शहरात शाळा आहेत आणि मुलं कमी होतायत. तिकडे मुलं येतायत, तर शाळा कुठे असाव्यात हे आत्ता ठरायला हवं. गुजरातच्या नगररचना कायद्यात यासाठी चांगली तरतूद आहे. टीपी योजनेत सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून नव्याने भूखंड पाडतात, आणि त्यातून पंधरा टक्क्यांपर्यंत रस्ते, पाच टक्के बागा-मैदानं आणि पाच टक्के शाळा, दवाखाना, अग्निशमन अशा सोयींसाठी राखता येतात. या शेवटच्या पाच टक्क्यांत शाळेला तीन-चार भागीदार आहेत. त्या टेबलावर शिक्षण समितीचा माणूस आकडे घेऊन बसला नाही, तर शाळेच्या वाट्याला वाकडातिकडा, हायटेन्शन लाइनखालचा तुकडा येईल. अंतिम भूखंडाचा नंबर एकदा पडला की पुढची पन्नास वर्षं तीच शाळेची जागा. म्हणूनच मी जन्मनोंदींवर इतका वेळ घालवला. त्या आकड्यांचा उपयोग खोल्या बांधताना होतो त्यापेक्षा जास्त, योजना आखताना होतो.

हे काम नगरसेवकांचं आणि अधिकाऱ्यांचं आहे, पण दोन तारखा आपल्या हातातल्या आहेत. शाळा व्यवस्थापन समितीचा आराखडा आर्थिक वर्ष संपायच्या तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबर अखेरपर्यंत तयार व्हायचा असतो. सेवासदनाच्या बजेटची चर्चा जानेवारी-फेब्रुवारीत होते. तेव्हा ज्यांची मुलं-नातवंडं सेवासदनाच्या शाळेत आहेत त्यांनी दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच समितीची बैठक लावायला सांगावी आणि पुढच्या सहा वर्षांचा वस्तीचा आकडा तिथे मागावा. दुसरं, टीपीचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती द्यायला एक महिना मिळतो. भायली, बिल, सेवासीकडे घर घेतलेली मंडळी या सभागृहात बरीच दिसतायत. तुमच्या टीपीचा नकाशा काढा, शाळेच्या नावाचा भूखंड त्यात शोधा, जागेवर जाऊन उभे राहा. तो नसला किंवा नाल्याकाठी असला, तर अर्ज कसा लिहायचा ते मी व्याख्यानानंतर इथेच बसून सांगेन.