लांबून जाणारं विमान आधी पोचतं

मंडळी, सोबत पृथ्वीगोल आणला आहे आणि शिवणाच्या डब्यातला दोरा. पुढच्या रांगेतले काका, जरा इकडे या. एक टोक दिल्लीवर धरा, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर. आता ताणा. बघा कुठून गेला तो! हिमालय ओलांडून सायबेरियावर, तिथून आर्क्टिक महासागर, अलास्का आणि मग खाली. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात ही वाट कमानीसारखी वाकडी दिसते. गोलावर मात्र हीच सर्वांत जवळची. भूगोलात याला बृहत्‌वृत्त म्हणतात. अंतर साधारण 12,400 किलोमीटर.

आता गंमत ऐका. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे 13,900 किलोमीटर. ऑक्टोबर 2016 मध्ये ते पॅसिफिकवरून नेलं. अंतर झालं 15,300. चौदाशे किलोमीटरचा वळसा, आणि तरी साडेचौदा तासांत पोचलं. आधीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर.

का, असं विचारलं की हमखास उत्तर येतं, पृथ्वी खालून फिरते म्हणून. तसं असतं तर हेलिकॉप्टर वर घिरट्या घालत ठेवायचं, आपोआप दुसरं गाव आलं असतं! पृथ्वीबरोबर हवाही फिरते, त्यामुळे हा हिशोब लागू होत नाही. खरा कर्ता आहे वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे हवेचे अरुंद, वेगवान पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. विषुववृत्ताकडची ऊब आणि ध्रुवाकडचा गारठा यांच्यातल्या फरकामुळे ते तयार होतात, आणि पृथ्वीच्या फिरण्याने त्यांना पूर्वेचं वळण मिळतं. थंडीत तर ताशी दोनशे-तीनशे किलोमीटरचा वेग सहज असतो. अटलांटिकवरून पश्चिमेला जाताना तो समोरून येतो, पॅसिफिकवरून पूर्वेला जाताना पाठीशी असतो. पाठीशी असला वारा मिळाला तर वळसा परवडतो.

जपानमधल्या तातेनो वेधशाळेत वासाबुरो ओइशी यांनी 1920 च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. जगाने वाचावं म्हणून अहवाल लिहिला एस्पेरांतो या जगासाठी मुद्दाम बनवलेल्या भाषेत. जगात ती वाचणारे किती? असो.

फेब्रुवारी 2020 मध्ये न्यूयॉर्कहून लंडनला एक जम्बो जेट 4 तास 56 मिनिटांत उतरलं. वादळामुळे जेट स्ट्रीमला जोर चढला होता. पुढच्या वेळी विमानात बसाल तेव्हा समोरच्या पडद्यावर ग्राउंड स्पीड, म्हणजे जमिनीच्या हिशोबाने विमानाचा वेग, बघा. सिनेमापेक्षा मला तोच आकडा आवडतो. मुंबई–लंडन प्रवासात जाताना तो मरगळलेला असतो, येताना तरतरीत. म्हणून परतीला साधारण तासभर कमी लागतो.

तारखेचाही घोळ असतो. समजा, दिल्लीहून पहाटे चारला निघालात आणि पॅसिफिकवरून साडेचौदा तासांनी सॅन फ्रान्सिस्कोला उतरलात. उन्हाळ्यात तिथे तेव्हा त्याच दिवशीचे सकाळचे सहा वाजलेले असतात! वाटेत वाररेषा ओलांडली ना.

मागून कुणी विचारलं, मग तिकडे मुलीला फोन कधी करायचा? सोपं आहे. उन्हाळ्यात आपल्या वेळेतून अर्धा तास वजा करा आणि सकाळची रात्र करा. आपले सकाळचे नऊ म्हणजे तिचे आदल्या रात्रीचे साडेआठ, जेवणं उरकत आली असतील. थंडीत दीड तास वजा करा, म्हणजे साडेसात. तेव्हा मात्र कुकर लागलेला असेल.